पोथी दिली, ओवी कोणती?

महाराष्ट्राच्या नकाशात तालुक्याची दोन सेलू आहेत. एक परभणी जिल्ह्यातले आणि दुसरे आमचे, वर्ध्याहून नागपूरकडे जाताना पवनार मागे टाकले की लागणारे. घरात वडिलांनी तारेत ओवून ठेवलेल्या जुन्या पोस्टकार्डांचा एक गठ्ठा आहे. त्यातल्या काही कार्डांवर दोन-दोन शिक्के दिसतात. आधी त्या सेलूचा, मग या सेलूचा. एका कार्डात लग्नाचे आग्रहाचे निमंत्रण आहे आणि ते आमच्या घरी आले तोवर मांडव उतरला होता. चूक पोस्टाची नव्हती. लिहिणाऱ्याने नुसते 'सेलू' लिहिले होते आणि त्याच्यापुरते जगात सेलू एकच होते.

हे दुखणे आमच्या एकट्याचे नाही. येथून जवळच असलेल्या सेगाव या खेड्यात महात्मा गांधी १९३६ साली राहायला गेले. देशभरातून त्यांना येणारा टपालाचा ढीग वाट चुकून बुलढाणा जिल्ह्यातल्या, गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागला. अखेर १९४० साली सेगावचे नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले. ज्या नावाला आज आपण एका विचाराचे नाव मानतो, त्याच्या जन्माला पत्त्याचा घोटाळाही कारण झाला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गावांची नावे बदलून हा प्रश्न किती ठिकाणी सोडवणार? म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड आला. त्याची कल्पना आणि रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतज्ञ अधिकाऱ्याची. आमचा आकडा ४४२१०४ आणि परभणीच्या सेलूचा ४३१५०३. पहिला ४ दोघांचाही. दुसऱ्याच आकड्याला वाटा फुटतात. ४४ म्हटले की विदर्भ. शेवटचे तीन आकडे थेट टपाल कचेरीच्या दारात नेऊन सोडतात. देश, विभाग, जिल्हा, कचेरी अशी एकेक पायरी उतरत नेमक्या जागी जायचे, एवढेच त्यातले शास्त्र आहे.

हे सगळे आज आठवायचे कारण टपाल नाही, मोबाइल आहे.

बहात्तर तास

जुलै २०२२ मध्ये आमच्या भागात पावसाने कहर केला. आमच्या शेजारच्या भाऊंच्या सोयाबीनमध्ये पाणी साचले. पीकविमा काढलेला होता. नुकसानीची सूचना कुणाला, कशी आणि कधी द्यायची, हे त्यांनी एका कार्यालयात विचारले. उत्तरादाखल त्यांच्या मोबाइलवर एक दुवा आला आणि खाली एक ओळ, 'सविस्तर सूचना सोबतच्या दुव्यावर पाहाव्यात.' भाऊ संध्याकाळी माझ्याकडे आले. आम्ही ओट्यावर बसून तो दुवा उघडला. पन्नासच्या वर पाने. तीही छापील कागदाचे फोटो काढून चढवलेली, म्हणजे शब्द टाकून शोधण्याची सोय नाही. संदर्भ, प्रस्तावना, समित्यांची रचना, हप्त्यांचे तक्ते... बोटाने सरकवता सरकवता माझा चश्मा दोनदा पुसून झाला. भाऊ म्हणाले, "गुरुजी, अख्खी पोथी धाडली त्यायनं. पन ओवी कोनती वाचाची, थे नाई सांगतलं."

ती ओवी अखेर सापडली. शेतात पाणी साचून झालेल्या नुकसानीची सूचना घटनेपासून ७२ तासांच्या आत द्यावी, असा त्या वेळचा नियम होता. आम्हाला तो सापडला तेव्हा चौथा दिवस मावळत होता. भाऊंनी सूचना दिली, ती उशिराची ठरली आणि त्या हंगामाची भरपाई त्यांच्या हाती आली नाही.

नियम चुकीचा होता, असे मी म्हणत नाही. कुणी तो लपवला होता, असेही म्हणता येणार नाही. नियम सर्वांसाठी खुला होता. पण पन्नास पानांत खुला असलेला नियम आणि कुलूपबंद कपाटातला नियम यांत, बहात्तर तासांची मुदत असलेल्या माणसाच्या दृष्टीने फरक किती उरतो? माहितीचा अधिकार आपण २००५ साली कायद्याने मिळवला. आता प्रश्न माहिती मिळण्याचा राहिलेला नाही, माहितीतली जागा मिळण्याचा आहे.

आपली जुनी शिस्त

नेमकी जागा दाखवणे ही काही परदेशातून आलेली नवी विद्या नव्हे. आपण ती शतकानुशतके करीत आलो आहोत. 'सातबारा' हा शब्दच पाहा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, या दोन नमुन्यांचे क्रमांक जोडून झालेला हा शब्द. दप्तरातल्या जागेचाच शब्द झाला आणि तो घराघरांत गेला. आमच्याकडे शेताचा पत्ता सांगताना मौजा, पटवारी हलका नंबर, तहसील, जिल्हा आणि शेवटी भूमापन क्रमांक, त्याचा हिस्सा असे सांगतात. 'सेलूत शेत आहे' एवढ्यावर बँक कर्ज देत नाही आणि भावकी वाटणी मान्य करीत नाही.

विदर्भाच्या मातीत वाढलेल्या महानुभाव पंथाने तर या शिस्तीचा एक स्वतंत्र ग्रंथच केला. मुनिव्यासांच्या नावावर असलेली स्थानपोथी नुसती गावांची यादी देऊन थांबत नाही. चक्रधरस्वामी त्या गावी कोणत्या देवळात राहिले, देवळाच्या कोणत्या अंगाला, कोणत्या दिशेला बसले, हे ती सांगते. त्या जागी पंथीयांनी ओटे बांधले. गाव सापडल्यावर माणूस ओट्यापाशीच जाऊन माथा टेकतो, गावभर भटकत बसत नाही.

ग्रंथांचेही तसेच. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांत कुणी हरवत नाही, कारण अध्याय आणि ओवी असे दोन आकडे सांगितले की पान उघडते. तुकोबांच्या गाथेत मात्र आवृत्तीगणिक अभंगांचे क्रमांक बदलतात. शंकर पांडुरंग पंडितांनी सरकारी मदतीने १८६९ ते १८७३ या काळात सिद्ध केलेल्या गाथेतला क्रमांक दुसऱ्या गाथेत लागू पडेलच असे नाही. म्हणून कीर्तनकार अभंगाचा आकडा सांगत नाहीत, पहिला चरण सांगतात. गाथेच्या शेवटी चरणांची अकारविल्हे सूची असते, तीत तो शोधला की आपल्या हातातल्या आवृत्तीतली जागा मिळते. क्रमांक सरकला तरी शब्द सरकत नाहीत, हे वारकऱ्यांना आधीपासून ठाऊक होते.

आणि वर्ध्याचे उदाहरण द्यायचे तर गोपुरीचे गीताई मंदिर आहेच. १९८० साली विनोबांच्या हयातीत खुले झालेल्या या मंदिराला छप्पर नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही. उभ्या दगडी शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत. चालत जायचे आणि हव्या त्या अध्यायापुढे उभे राहायचे. इतके मोकळे आणि तरीही इतके नेमके ग्रंथालय मी दुसरे पाहिलेले नाही.

एका खुणेची गोष्ट

संगणकाच्या जाळ्यातही ही सोय पहिल्यापासून आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९९० च्या सुमारास हे जाळे विणायला घेतले, तेव्हाच पानातल्या एखाद्या जागेला नाव देऊन तिथे खुंटी ठोकण्याची युक्ती त्यात होती. पानाच्या पत्त्याच्या शेवटी # ही खूण द्यायची आणि तिच्यापुढे त्या खुंटीचे नाव. मग वाचक पानाच्या माथ्यावर न उतरता थेट त्या परिच्छेदापाशी उतरतो.

यात एक गंमत आहे. # च्या पुढचा भाग दूरच्या यंत्राकडे जातच नाही. तिकडून पान अख्खेच येते आणि त्यातली जागा शोधण्याचे काम वाचकाच्या हातातले यंत्र करते. पोस्टमनने पत्र घरापर्यंत आणावे आणि ते कोणत्या खोलीत द्यायचे हे घरच्यांनी पाहावे, तसे. पण त्यासाठी घरात खोल्या असाव्या लागतात आणि त्यांना नावे असावी लागतात. पान लिहिणाऱ्याने खुंटीच ठोकली नसेल तर दुवा देणारा हतबल होतो.

त्यावरही अलीकडे तोड निघाली. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम या ब्राउझरने दुव्यातच मजकुराचे शब्द घालण्याची सोय आणली. पुढे २०२२ मध्ये सफारीने आणि २०२४ मध्ये फायरफॉक्सनेही ती स्वीकारली. हवी ती ओळ निवडायची, तिचा दुवा घ्यायचा आणि पाठवायचा. उघडणाऱ्याला तीच ओळ रंगवलेली दिसते. पाहा, ही कीर्तनकारांचीच रीत झाली. क्रमांक नसेल तर चरण सांगा! साध्या पीडीएफमध्येही दुव्याच्या शेवटी # देऊन पानाचा क्रमांक घातला तर बहुतेक ब्राउझरमध्ये नेमके तेच पान उघडते. भाऊंना दुवा पाठवणाऱ्याने एवढे जरी केले असते, तरी पन्नासातले एक पान आमच्यासमोर आले असते.

पण चरण सांगून शोधायचे तर मजकूर हा मजकूर हवा, त्याचा फोटो नको. आपल्या मराठी कागदपत्रांची रड येथे आहे. अनेक कागद फोटोरूपात आहेत. जे नाहीत, त्यांतले कितीतरी जुन्या फाँटमध्ये टंकलेले आहेत. डोळ्यांना ते शुद्ध मराठी दिसते, यंत्राला मात्र ती भलत्याच अक्षरांची खिचडी असते. युनिकोड येऊन तीस वर्षे उलटली, तरी ही खिचडी अजून पानात वाढली जाते.

राज्य शासनाने पत्त्याची अर्धी वाट मोठ्या शिस्तीने बांधली आहे, हे नमूद केलेच पाहिजे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी त्याचा अठरा अंकी संकेतांक छापलेला असतो. तो टाकला की नेमका निर्णय मिळतो. म्हणजे गावाचा पिन कोड आहे. निर्णयाच्या आतल्या परिच्छेदाला दुव्याने जाण्याजोगा पत्ता मात्र नाही. घर सापडते, खोली नाही.

क्रमांक एकदा दिला की दिला

पत्ता देणे हे निम्मे काम, तो टिकवणे हे उरलेले निम्मे. येथे कायदा लिहिणाऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. संपत्तीच्या मूलभूत हक्काचा अनुच्छेद ३१ चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वगळला गेला, पण ३१ हा आकडा रिकामा राहिला, पुढचे अनुच्छेद एकेक पायरी खाली सरकले नाहीत. शिक्षणाचा हक्क २००२ साली आला तेव्हा त्याला २१ आणि २२ च्या मध्ये २१-क म्हणून बसवले. कारण हजारो निकालपत्रे, अर्ज आणि पुस्तके जुन्या आकड्यांवर उभी आहेत. आकडा हलला की ती सगळी लटकी पडतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा हा धक्का आपण अनुभवलाच. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले. लबाड माणसाला आपण अजून चारसौबीसच म्हणतो. शब्द मागे राहिला, कलम घर सोडून गेले. अख्खा कायदाच नवा झाल्याने तिथे इलाज नव्हता. पण इलाज असताना आकडे हलवले तर काय होते, याचे उदाहरण पुन्हा आमच्या सेवाग्रामच्या महात्म्याशीच जोडलेले आहे.

गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे काम १९५६ साली सुरू झाले आणि इंग्रजीतले शंभर खंड १९९४ साली पुरे झाले. त्यातला मोठा काळ के. स्वामिनाथन यांच्या संपादनाचा. जगभरचे अभ्यासक खंड आणि पृष्ठ एवढे दोन आकडे लिहीत आणि वाचणाऱ्याला ते पत्र, ते भाषण सापडे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'सुधारित' आवृत्ती आणि तिची सीडी निघाली. पुरवणी खंडांतला मजकूर तारखेप्रमाणे मधे मधे घातला गेला, खंडांच्या सीमा सरकल्या आणि जुने हवाले चुकीच्या दारात जाऊन उभे राहू लागले. मूळ खंडांच्या प्रस्तावना गळाल्याचे, काही नोंदीही गळाल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. त्रिदीप सुहृद यांच्यासारख्यांनी त्यावर सविस्तर लिहिले. शेवटी २००५ साली केंद्र सरकारने ती आवृत्ती मागे घेण्याचे ठरवले आणि पुढे मूळ शंभर खंडांबरहुकूम संगणकीय प्रत तयार झाली. २०१३ साली साबरमती आश्रमाने खुल्या केलेल्या गांधी हेरिटेज पोर्टलवर आज ते खंड वाचता येतात. हेतू वाईट होता, असे मानायचे कारण नाही. तारखेप्रमाणे लावणे ही सोयच वाटली असेल. पण ज्या दारावर लोकांनी चाळीस वर्षे खुणा केल्या, ते दार न विचारता हलवायचे नसते.

फाडलेले पान आणि उघडलेले पान

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला शिक्षक म्हणून महत्त्वाचा वाटतो. नेमकी ओळ दाखवायची सवय लागली तर माणसे पूर्ण वाचणार कशी? मागचे-पुढचे सोडून एकच वाक्य उचलले की अर्थाचा अनर्थ होतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली गीता प्रवचने अठराच्या अठरा वाचण्याची गोष्ट आहे. त्यातले एक वाक्य फळ्यावर लिहून काम भागत नाही, हे खरेच.

पण अनर्थ आज कशाने होतो ते पाहा. गांधी, आंबेडकर, सावरकर, विनोबा यांच्या नावावर रोज सकाळी मोबाइलवर सुविचार येतात. फुलांच्या चित्रावर दोन ओळी आणि खाली नाव. खंड नाही, पान नाही, तारीख नाही. ती ओळ त्यांची आहे की कुणी रचली, हे तपासण्याची वाटच ठेवलेली नसते. हे पान फाडून आणणे झाले. नेमका दुवा याच्या उलट करतो. तो वाक्य घरातून उचलून आणत नाही, तुम्हालाच त्या वाक्याच्या घरी नेतो. तिथे वरचा परिच्छेद असतो, खालचा असतो. वाचायचे की नाही हे तुमच्या हाती, पण दार उघडे असते. ज्याला खोटे सांगायचे आहे तो कधीही नेमकी जागा दाखवत नाही. तो म्हणतो, "कुठेतरी लिहिलंय हो!"

म्हणून माझे मागणे साधे आहे. शासन निर्णय, विद्यापीठांची परिपत्रके, योजनांच्या मार्गदर्शक सूचना हे सर्व युनिकोड मजकुराच्या रूपात द्यावे. सही-शिक्क्याची फोटोप्रत हवी तर सोबत जोडावी. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाला स्वतःचा दुवा असावा. न्यायालये निकालाचे परिच्छेद क्रमांकानेच लिहितात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून निकालांना स्वतःचे स्वतंत्र संदर्भ क्रमांकही दिले आहेत. तिथे जे जमते ते मंत्रालयात आणि जिल्हा कचेरीत का जमू नये? दिलेला क्रमांक पुन्हा हलवू नये. नियम रद्द झाला तर त्या जागी 'वगळले' असे लिहून तारीख द्यावी. पीकविम्याचे ते नियमही आज जसेच्या तसे राहिलेले नाहीत. जुन्या हंगामाचा वाद सोडवायचा तर जुना नियम त्याच्या जुन्या पत्त्यावर सापडलाच पाहिजे. याला मोठा खर्च नाही. पानातल्या एका परिच्छेदाला नाव द्यायला एक शब्द टंकावा लागतो.

आणि हे सगळे मंत्रालयावर ढकलूनही चालणार नाही. दुवा आपणही पाठवतो. ग्रामपंचायतीच्या गटात, शाळेच्या गटात, भावकीच्या गटात. पाठवताना दोन मिनिटे खर्चून 'पान सतरा, तिसरा परिच्छेद' एवढे लिहिले तरी पुढच्या पन्नास माणसांची संध्याकाळ वाचते. आपण वाचले आहे, याचा तो पुरावाही असतो. नुसता दुवा ढकलणाऱ्याने बहुधा तो स्वतः उघडलेला नसतो!

मराठीत दुवा म्हणजे साखळीची कडी आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मला त्या संध्याकाळपर्यंत वाटले नव्हते.

भाऊ अजून येतात. काही नवा कागद आला की मोबाइल माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, "गुरुजी, याच्यात आपली ओवी कोनती?" परवा त्यांच्या नातीने, नववीतल्या मुलीने, तो माझ्या हातातून घेतला, पानातली एक ओळ बोटाने दाबून धरली आणि तिचा दुवा आजोबांच्या मोबाइलवर पाठवला. भाऊंनी उघडला तर ती ओळ पिवळी होऊन समोर आली. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे तवा कोनी केलं असतं तं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या वर्षीच्या जुलैत ते कुणाला तरी करता आले असते, एवढेच मला माहीत होते.